शॉक ॲब्सॉर्बरमध्ये वाया जाणारी ऊर्जा : किती आहे, कुठून येते आणि परत किती मिळते?

खराब रस्त्यावरून अर्धा तास चारचाकी चालवून झाली की गाडी बाजूला घ्या आणि मागच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या नळकांड्याला हाताची मागची बाजू जरा जपून लावून बघा. ते गरम लागेल. इंजिन तिथून दूर आहे. ही उष्णता आतल्या तेलातून येते. चाक खड्ड्यात गेले, वर आले, पुन्हा गेले. प्रत्येक वेळी आतल्या पिस्टनने तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून दाबून पलीकडे ढकलले. गाडीच्या उड्या घर्षणात जिरल्या आणि तेल तापले. शॉक ॲब्सॉर्बरचे कामच ते आहे. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते, शॉक ती गिळून टाकतो. तो नसता तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ झुलत राहिली असती.

गिळलेल्या या ऊर्जेची वीज करता येईल का, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प शोधताना हमखास पुढे येतो. इकडे बंगळुरूत तर जास्तच. बरीचशी महाविद्यालये बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न आहेत, प्रकल्प सक्तीचा आहे, चांगल्या प्रकल्पाला कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचे अर्थसाहाय्य मिळू शकते आणि खड्डे तर दारातच आहेत. मग रॅक-पिनियन आणि एक छोटी डीसी मोटर लावून सांगाडा तयार होतो, हाताने दाबला की एलईडी पेटते आणि अहवालात लिहिले जाते की ‘वाया जाणारी ऊर्जा फुकट मिळाली’. एलईडी पेटते हे खरे आहे. ‘फुकट’ या शब्दाबद्दल मात्र बोलायला हवे, आणि किती वॅट मिळतील हे मोटर विकत घेण्याआधी कागदावर काढायला हवे. ते काढणे वाटते तितके अवघड नाही.

ही ऊर्जा मुळात कोणाची?

रस्ता जागचा हलत नाही, त्यामुळे रस्ता गाडीला ऊर्जा देऊ शकत नाही. गाडीकडे ऊर्जा येते ती पेट्रोलच्या टाकीतून किंवा बॅटरीतून. मग शॉकमध्ये ती पोचते कशी? चाक उंचवट्यावर चढते तेव्हा टायरवर थोडा मागच्या दिशेने जोर येतो. उतरताना थोडा पुढच्या दिशेने येतो. शॉक नसता तर सरासरीने हे दोन्ही फिटले असते. शॉकने मधल्यामध्ये ऊर्जा गिळल्यामुळे मागचा जोर किंचित जास्त ठरतो. म्हणजेच खडबडीत रस्ता हा गाडीला एक अतिरिक्त रोध आहे आणि इंजिन तो रोध ओढत असते. शॉकमध्ये तापलेल्या तेलाचे बिल तुम्ही पेट्रोल पंपावर आधीच भरलेले असते. जनित्र लावून आपण त्या बिलातली काही रक्कम परत मागतो आहोत, एवढेच.

स्पीड ब्रेकरखाली जनित्र बसवून वीज करण्याच्या कल्पनेलाही हाच हिशेब लागू होतो. फरक इतकाच की तिथे बिल वाहनचालक भरतो आणि वीज दुसऱ्यालाच मिळते.

किती वॅट?

आता गणित. गाडीचा एक चतुर्थांश भाग घ्या : वर गाडीचे वस्तुमान, खाली चाकाचे वस्तुमान, दोहोंमध्ये स्प्रिंग आणि शॉक, आणि चाकाखाली टायर, जो स्वतः एक ताठ स्प्रिंग आहे. याला क्वार्टर-कार प्रतिमान म्हणतात. रस्त्याचा खडबडीतपणा मोजण्यासाठी आयएसओ ८६०८ हे मानक वापरा. त्यात रस्त्यांचे ‘ए’पासून ‘एच’पर्यंत वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्ग आधीच्या वर्गापेक्षा चौपट खडबडीत आहे. ‘ए’ वर्गाचा मध्यम आकडा १६ दशलक्षांश घनमीटर, ‘बी’चा ६४, ‘सी’चा २५६, ‘डी’चा १०२४. नवा द्रुतगती मार्ग ‘ए’च्या जवळ असतो, ‘सी’ म्हणजे वापरून झिजलेला पण चालण्याजोगा रस्ता, ‘डी’ म्हणजे पावसाळ्यानंतरची आपली उपनगरे.

या मानकातले प्रमाणित रूप घेतले आणि टायरमधली स्वतःची ऊर्जाहानी सोडून दिली, तर एका चाकामागे शॉकमध्ये जिरणारी सरासरी शक्ती अशी निघते : पायचा वर्ग (९.८७) गुणिले टायरची ताठरता गुणिले रस्त्याचा आकडा गुणिले ०.०१ गुणिले वेग. यातला ०.०१ हा मानकातल्या संदर्भ वारंवारतेचा, म्हणजे मीटरला ०.१ आवर्तनाचा, वर्ग आहे.

आकडे घाला. साध्या मोटारीच्या टायरची ताठरता साधारण २,००,००० न्यूटन प्रति मीटर धरा, रस्ता ‘सी’, वेग सेकंदाला २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. एका चाकामागे १०१ वॅट येतात, चार चाकांचे मिळून सुमारे ४०० वॅट. त्याच वेगाने ‘बी’ रस्त्यावर १०० वॅट, ‘ए’वर जेमतेम २५.

प्रत्यक्ष मोजमापांशी हे जुळते का? अमेरिकेत लेई झुओ आणि पेई-शेंग झांग यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ताशी ६० मैल वेगाने चांगल्या आणि मध्यम रस्त्यांवर मोटारीतून १०० ते ४०० वॅट उपलब्ध असल्याचे म्हटले आहे. आउडी कंपनीने २०१६ मध्ये आपली ‘ईरॉट’ नावाची प्रायोगिक यंत्रणा जाहीर केली, तेव्हा जर्मन रस्त्यांवर सरासरी १०० ते १५० वॅट परत मिळाल्याचे सांगितले. नुकत्याच डांबरीकरण झालेल्या महामार्गावर फक्त ३ वॅट आणि खराब दुय्यम रस्त्यावर ६१३ वॅट. म्हणजे आपले पानभर गणित वाऱ्यावरचे नाही.

सूत्राकडे पुन्हा एकदा बघा, कारण त्यात काय नाही हे जास्त महत्त्वाचे आहे. त्यात शॉकचे अवमंदन नाही. स्प्रिंगची ताठरता नाही. गाडीचे वस्तुमानही नाही. आहे ते फक्त टायर, रस्ता आणि वेग. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे चुकीचे वाटते. पण विचार करा : शॉक कडक केला तर तो जोर जास्त लावतो पण हलतो कमी, मऊ केला तर जोर कमी पण हालचाल जास्त. जोर आणि हालचालीचा वेग यांचा सरासरी गुणाकार तेवढाच राहतो. टायरमधून जितकी ऊर्जा आत शिरते तितकी कुठेतरी जिरलीच पाहिजे आणि या प्रतिमानात जिरवणारा शॉक एकटाच आहे. तो पूर्ण जाम केला तर? मग गाडी आणि चाक मिळून टायरवरच उड्या मारू लागतील, आणि प्रत्यक्षात ती ऊर्जा टायरचे रबर, सीटचा फोम आणि तुमचा मणका यांत जाईल. तिथे हे प्रतिमान संपते. मधल्या व्यवहार्य पट्ट्यात मात्र निष्कर्ष टिकतो, आणि झुओ-झांग यांच्या अभ्यासातही हेच दिसले आहे : रस्ता, टायर आणि वेग यांचा परिणाम मोठा, बाकीच्यांचा नगण्य.

प्रकल्प करणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की वीज वाढावी म्हणून शॉक कडक करण्यात काहीही अर्थ नाही. वीज वाढत नाही, गाडी मात्र बिघडते.

बंगळुरूचा हिशेब

टॉमटॉमच्या २०२३ च्या वाहतूक निर्देशांकात बंगळुरूच्या मध्य भागात १० किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागत होते. म्हणजे ताशी साधारण २१ किलोमीटर, सेकंदाला ५.९ मीटर. ‘सी’ रस्त्यावर या वेगाने चार चाकांचे मिळून सुमारे १२० वॅट होतात. ‘डी’ धरला तर ४८०. पण ही सरासरी आहे हे विसरू नका. सिल्क बोर्ड चौकात गाडी उभी असते तेव्हा सस्पेन्शनमधून शून्य वॅट मिळतात, खड्डे कितीही असोत.

वॅटऐवजी किलोमीटरमागे ऊर्जा काढली की चित्र स्वच्छ होते. शक्तीला वेगाने भागा. वेग सूत्रातून निघूनच जातो. उरतो तो रोध : ‘बी’ रस्त्यावर सगळ्या गाडीला ५ न्यूटन, ‘सी’वर २०, ‘डी’वर ८१. तुलनेसाठी, १२०० किलोच्या गाडीचा टायरांचा नेहमीचा घर्षणरोध १४० न्यूटनच्या आसपास असतो. २० न्यूटनचा रोध म्हणजे किलोमीटरमागे ५.६ वॅट-तास. गिअर, जनित्र आणि चार्जिंगचे सर्किट यांतून जाताना निम्मी ऊर्जा हाती लागली असे धरा. मग मिळतात २.८ वॅट-तास.

हे थोडे की फार? बंगळुरूतच उत्तर शोधू. २००१ मध्ये इथे विक्रीला आलेल्या ‘रेवा’ या छोट्या विजेच्या मोटारीत सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या, क्षमता ९.६ किलोवॅट-तास आणि सांगितलेला पल्ला ८० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला १२० वॅट-तास. त्यात २.८ मिळवले तर दोन-सव्वादोन टक्के, पल्ल्यात दोनेक किलोमीटरची भर. (रेवाचे टायर छोटे होते, त्यामुळे खरे तर त्याहूनही थोडे कमी.)

रेवामध्ये ब्रेक लावताना ऊर्जा परत मिळवण्याची सोय मात्र होती, आणि निवड बरोबर होती. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी १२०० किलोची गाडी थांबवली की ७४ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. ‘सी’ रस्त्यावर शॉकमध्ये तितकी ऊर्जा जिरायला साडेतीन किलोमीटरहून जास्त जावे लागते. बंगळुरूत साडेतीन किलोमीटरमध्ये एकदाच ब्रेक लावून दाखवणारा चालक मला अजून भेटायचा आहे. शहरी वाहनात आधी ब्रेक, मग सस्पेन्शन. हा क्रम उलटा करणारा प्रकल्प-प्रस्ताव पाहिला की मी तो परत करतो.

आणखी एक तुलना कडू आहे, पण करायलाच हवी. ‘सी’ रस्ता दुरुस्त करून ‘बी’ केला तर रोध २० वरून ५ न्यूटनवर येतो, म्हणजे १५ वाचतात. जनित्र लावून २० पैकी १० परत येतात. शिवाय रस्ता रिक्षा, स्कूटर आणि बस सगळ्यांसाठीच गुळगुळीत होतो.

शॉकचे पहिले काम

आतापर्यंत आपण शॉककडे वीजघर म्हणून पाहिले. त्याचे खरे काम दोन प्रकारचे आहे : आत बसलेल्याला धक्के कमी बसावेत आणि टायर रस्त्याला चिकटून राहावा. मोटारीचा वरचा भाग सेकंदाला एक-दीड वेळा झुलतो. चाक टायरच्या स्प्रिंगवर सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरते. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेत सेकंदाला ४ ते ८ कंपनांना सर्वांत जास्त कुरकुरते. या तिन्ही गोष्टी सांभाळून शॉक बनवावा लागतो. चाकाची थरथर आवरली नाही तर टायरवरचा भार क्षणोक्षणी घटतो, आणि नेमक्या त्या क्षणी तुम्ही ब्रेक दाबला असेल तर टायर घसरतो, गाडी थांबायला जास्त अंतर घेते. काही वॅटसाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

जनित्र इथे अडचण कशी करते ते आकड्यांत पाहा. ‘सी’ रस्त्यावर, वरच्याच वेगाने, शॉकचे अवमंदन १५०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर असेल तर पिस्टनचा प्रभावी वेग सेकंदाला ०.२६ मीटर निघतो. एक सेंटिमीटर त्रिज्येचे पिनियन लावले तर ते मिनिटाला जेमतेम २५० फेरे फिरते, तेही उलटसुलट. छोट्या जनित्राला १५०० तरी हवेत, म्हणून सहापट गिअर लावला. आता जनित्राचा रोटर पाव किलोचा आणि दोन सेंटिमीटर त्रिज्येचा धरा. गिअर आणि पिनियनमधून त्याचे जडत्व सस्पेन्शनला किती जाणवेल? जडत्व-आघूर्ण ०.००००५ एकक, गुणोत्तर ६ भागिले ०.०१ म्हणजे ६००, त्याचा वर्ग ३,६०,०००. गुणाकार १८ किलो. चाकाचे वस्तुमान ४० किलो असताना गाडी आणि चाक यांच्यामध्ये १८ किलोचा अदृश्य गोळा येऊन बसला. संथ हालचालीत तो जाणवत नाही. तीक्ष्ण खड्ड्यात मात्र शॉक एखाद्या दांडक्यासारखा वागतो आणि धक्का थेट वर पोचवतो. हाताने दाबून एलईडी पेटवताना हे कधीच दिसत नाही.

उलटसुलट फिरण्यावर झुओ यांच्या गटाने सायकलच्या फ्रीव्हीलसारखे एकदिशा क्लच वापरले. रॅक वर जावो की खाली, जनित्र एकाच दिशेने फिरते. लेव्हंट पॉवर या एमआयटीतून निघालेल्या कंपनीने पिस्टनमधले तेल छिद्राऐवजी एका छोट्या हायड्रॉलिक मोटरमधून नेले. आउडीने उभा शॉकच काढून टाकला आणि चाकाच्या हालचालीने आडवे जनित्र फिरवले.

विजेच्या बाजूलाही एक सापळा आहे. जनित्राचे अवमंदन त्याला जोडलेल्या भारावर ठरते. तारा शॉर्ट केल्या तर ते जास्तीत जास्त रोध करते, तारा मोकळ्या सोडल्या तर जवळजवळ काहीच नाही. मग बॅटरी पूर्ण भरली तर? चार्जिंग बंद झाले की गाडीचा शॉकही नाहीसा झाला. म्हणून जास्तीची वीज रोधकात जाळण्याची सोय आणि सोबत थोडे साधे तेलाचे अवमंदन ठेवावेच लागते. खड्ड्यात पिस्टनचा वेग क्षणभर सेकंदाला एक मीटर झाला तर त्या एका शॉकमध्ये १५०० वॅट उसळतात. सरासरी १०० वॅटसाठी जनित्र मात्र १५०० सोसणारे हवे. बंगळुरूपासून चाळीसेक किलोमीटरवर होसूरला गॅब्रिएल कंपनी शॉक ॲब्सॉर्बर बनवते. तसला साधा शॉक म्हणजे पत्र्याची नळी, पिस्टन, झडपा आणि थोडे तेल. वर्षानुवर्षे कोणी त्याच्याकडे बघत नाही. तुमच्या जनित्राची स्पर्धा त्या साधेपणाशी आहे.

वीज की नियंत्रण?

या विषयातल्या मोठ्या नावांचा प्रवास बोलका आहे. ध्वनियंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमर बोस यांनी १९८० मध्ये सस्पेन्शनवर काम सुरू केले आणि २००४ मध्ये ते लोकांसमोर आणले. चारही चाकांना रेषीय विद्युतमोटर, जी चाक उचलते, दाबते आणि परतीच्या हालचालीत वीज मागे पाठवते. गाडी जवळजवळ न हलता उंचवट्यांवरून जायची. पण यंत्रणा जड आणि महाग होती, त्यामुळे बोसच्या हातून ती कोणत्याही विक्रीच्या मोटारीत गेली नाही. २०१७ मध्ये ते तंत्रज्ञान क्लिअरमोशन या कंपनीने घेतले. क्लिअरमोशन म्हणजे तीच, नाव बदललेली लेव्हंट पॉवर. वीज मिळवण्यासाठी सुरू झालेली कंपनी आता धक्के घालवण्याचे तंत्रज्ञान विकते, आणि चीनच्या निओ कंपनीच्या ईटी९ या मोटारीत ते बसले आहे.

माझ्या मते त्यांनी ओळखले ते असे : जनित्राचे मोल त्याने दिलेल्या शे-दीडशे वॅटमध्ये कमी आहे आणि त्याचे अवमंदन क्षणात बदलता येते यात जास्त. मघाचा निष्कर्ष इथे कामी येतो. वीज अवमंदनावर फारशी अवलंबून नसेल, तर अवमंदन बिनधास्त आराम आणि पकड पाहून ठरवा. वीज जी यायची ती येतेच. त्या विजेवर नियंत्रणाचे सर्किट आणि सेन्सर चालले, तरी बाहेरून ऊर्जा न घेणारे बदलते सस्पेन्शन तयार झाले.

निव्वळ विजेसाठी जायचेच असेल तर अवजड वाहनांकडे जा. बसच्या एका टायरची ताठरता मोटारीच्या चौपट-पाचपट असते आणि टायर सहा. ९,००,००० न्यूटन प्रति मीटर धरून ‘सी’ रस्त्यावर ताशी ७२ किलोमीटरला २७०० वॅट येतात.

प्रकल्प करताना

आधी मोजा. शॉकच्या दोन टोकांना विस्थापन मोजणारा सेन्सर आणि चाक व बॉडी यांना एकेक त्वरणमापक लावून कॉलेजपासून घरापर्यंतची नोंद घ्या. पिस्टन-वेगाच्या वर्गाची सरासरी काढा, तिला शॉकच्या अवमंदनाने गुणा. हे तुमचे उपलब्ध वॅट. बाजारातल्या शॉकचे अवमंदन दाबताना आणि ताणताना वेगळे असते, म्हणून दोन्ही हालचाली वेगळ्या गुणा. जनित्र लावल्यानंतर वॅटसोबत बॉडीचे त्वरणही नोंदवा. अहवालात फक्त वॅट असतील तर परीक्षकाने पहिला प्रश्न त्वरणाचाच विचारावा.

आणि एक गणित तुमच्यासाठी. विजेच्या स्कूटरला किलोमीटरला साधारण ३० वॅट-तास लागतात असे धरा आणि तिच्या एका टायरची ताठरता १,००,००० न्यूटन प्रति मीटर. ‘सी’ आणि ‘डी’ रस्त्यावर दोन चाकांचे मिळून किती वॅट-तास जिरतात ते काढा. एकूण खर्चाशी त्याचे प्रमाण जवळजवळ मोटारीइतकेच येईल. मग स्कूटरच्या शॉकमध्ये गिअर आणि जनित्र बसवायला किती जागा आहे, चाकाशी किती वजन वाढेल, आणि दिवसभर त्या सीटवर बसून घरोघरी पार्सल पोचवणाऱ्याला कोणते अवमंदन हवे आहे, हे त्याच कागदावर खाली लिहा.